कणगी चालू होईना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी वळवानं बेळगावला झोडपून काढलं. आधी धूळ, मग गारा, मग विजांचा कडकडाट. दिवे गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. वळीव म्हटला की हे चालायचंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मंगळवारी सकाळी मी बाहेर पडायच्या गडबडीत असताना आतून आईचा आवाज आला, ''अरे, तुझ्या कणगीचा दिवा दिसत नाही आज.''

ही कणगी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमच्या घरात जिन्याखाली एक काळा डबा आहे. त्याला भारदस्त शब्दात 'सर्व्हर' म्हणतात. सर्व्हर म्हटलं की मोठ्या कंपन्यांमधल्या गारठलेल्या खोल्या डोळ्यांसमोर येतात, पण आमचा सर्व्हर म्हणजे सुटे भाग आणून घरीच जोडलेला साधा कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, की-बोर्ड नाही. तो दिवसरात्र चालू असतो आणि घरातल्या वाय-फायवरून ज्याला जे हवं ते त्यातून घेता येतं. साधारण चाळीस वॉट वीज खातो, म्हणजे दिवसाला एक युनिटही पुरतं होत नाही. मुलीच्या बारशापासूनचे फोटो, माझी वर्गातली टिपणं, घराची कागदपत्रं, सगळं त्यात. आत दोन हार्ड डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. हे आईला समजावताना मी म्हणालो होतो, ''घरातलं सगळं धान्य कणगीत भरून ठेवावं, तसं आहे हे.'' तेव्हापासून त्या डब्याचं नाव कणगी पडलं.

या कणगीत एक धान्य असं होतं की जे पुन्हा पिकणार नव्हतं. माझी आत्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायची. तिला जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ होत्या. २०१२ साली मी तिच्याजवळ बसून चारेक तासांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. २०१७ साली आत्या गेली. ज्या लहानशा रेकॉर्डरवर ते केलं होतं, त्याचं कार्ड मी पुढे दुसऱ्याच कामाला वापरलं, कारण 'सर्व्हरवर आहेच की, तेही दोन-दोन डिस्कांवर!' आणि आता त्या शुक्रवारी आत्याच्या नातीची हळद होती. पोरीनं एकच हट्ट धरला होता. ''मामा, घाणा भरताना आजीच्या ओव्या लावायच्या. दुसरं काही नको.''

मंगळवार सकाळ ते शुक्रवार सकाळ. हातात तीन दिवस, आणि कणगी चालू होईना.

आता माझ्या शहाणपणाची कथा ऐका. मी पहिल्यांदा काय केलं? बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. लिफ्ट येत नाही म्हणून आपण बटण दाबत राहतो ना, तसं दहा-बारा वेळा दाबलं. दर वेळी पंखा किंचित हलायचा, एखादं पातं इकडचं तिकडे व्हायचं आणि सगळं गप्प. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, तो लख्ख पेटला. म्हणजे भिंतीपर्यंत वीज होती. इथपर्यंत बरोबर होतं. पण पुढे माझा धीर सुटला. दुपारी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ''सर, वळवानंतर एसएमपीएसच जातो. नवा घालून बघा.'' एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करून देणारी पेटी. दोन हजार सातशे रुपये मोजले, घरी आणून बसवला, बटण दाबलं. पंखा किंचित हलला आणि गप्प!

मग मी चिडून रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदलला, चार वायरी इकडच्या तिकडे केल्या. सगळं एकाच बैठकीत. रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर स्क्रू, वायरी आणि खोडरबराचा भुगा यांचा पसारा होता. एक ना धड, भाराभर चिंध्या. नेमकं काय केल्यानं काय झालं, किंवा झालं नाही, हे सांगायला मी स्वतःसुद्धा साक्षीदार उरलो नव्हतो.

बुधवारी सकाळी नवरीच्या भावाला फोन लावला. हा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून हुबळीत नोकरी करतो. मी सुरुवात केली, ''अरे, मला वाटतं मदरबोर्ड गेलाय...''

''मामा, काय गेलंय ते नंतर बघू. आधी काय दिसतंय ते सांगा.''

एवढ्या एका वाक्यानं माझी दोन दिवसांची पंचाईत उलगडायला लागली. डॉक्टरकडे गेल्यावर आपण 'मला ॲसिडिटी झालीय' असं सांगतो आणि डॉक्टर विचारतात, 'दुखतंय कुठं?' तसंच हे. मग त्यानं मला जे सांगितलं, ते वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून जरा नीट मांडतो.

कॉम्प्युटर 'चालू होत नाही' या तक्रारीत तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. पहिली, बटण दाबल्यावर काहीच होत नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. अशा वेळी वीज कुठवर पोचते ते भिंतीकडून आत तपासत यायचं. सॉकेट, यूपीएस, वीजेची केबल, एसएमपीएसच्या पाठीवरचं छोटं बटण, आणि शेवटी कॅबिनेटचं पुढचं बटण. हे पुढचं बटण पुष्कळदा दोषी असतं. त्याच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डवरच्या ज्या दोन पिनांवर बसतात, त्यांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर एकत्र टेकवलं आणि मशीन चालू झालं, तर समजावं की बटणच खराब आहे. दुसरी तक्रार, पंखा झटका देऊन थांबतो. याचा अर्थ वीज पोचते आहे, बटणही ठीक आहे, पण एसएमपीएसला कुठेतरी धोका जाणवतो आणि तो स्वतःहून हात आखडता घेतो. तिसरी तक्रार, पंखे फिरत राहतात, पण पडद्यावर काही येत नाही. तिथे वीजेचा प्रश्न बहुधा नसतोच. रॅम, डिस्प्ले कार्ड किंवा मॉनिटरची केबल बघायची.

''आपली तक्रार दुसऱ्या जातीची,'' भाचा म्हणाला. ''आणि मामा, नव्या एसएमपीएसला डिस्ककडे जाणाऱ्या वायरी कुठल्या लावल्यात? जुन्याच?''

जुन्या काढायचा खरं तर मला कंटाळा आला होता. पण नव्या खोक्यातल्या लांब होत्या, म्हणून त्याच घातल्या होत्या.

''नशीब तुमचं!'' तो म्हणाला. काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या करता येतात. त्यांची डिस्ककडची बाजू सगळीकडे सारखी असते, पण एसएमपीएसकडची बाजू कंपनीगणिक आणि कधी कधी मॉडेलगणिक बदलते. एकाची वायर दुसऱ्याला बसते, पण आतली रचना वेगळी असली तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते. बसली म्हणजे जुळली असं नाही, हे लग्नघरात वेगळं सांगायची गरज नाही.

मग त्यानं एक नियम घालून दिला. एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदलाआधी सॉकेटचं बटण बंद करून केबल उपसायची, कॅबिनेटचं बटण काही सेकंद दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, मगच हात घालायचा. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज भागांना इजा करत नाही. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही, ती म्हणजे एसएमपीएसची पेटी उघडणं. केबल काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात. ते काम शिकलेल्या माणसाचं.

पहिली पायरी म्हणून जुना एसएमपीएस बाहेर काढून एकटा तपासला. १९९५ साली एटीएक्स ही रचना आल्यापासून कॉम्प्युटरचं पुढचं बटण थेट वीज चालू-बंद करत नाही. ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं आणि मदरबोर्ड एसएमपीएसला जागं करतो. हा इशारा जावा म्हणून मशीन 'बंद' असतानाही एक ५ व्होल्टची वायर जागीच असते. चोवीस पिनांच्या मोठ्या जोडणीत ती जांभळ्या रंगाची असते. जागं करणारी वायर हिरवी. हिरवी आणि शेजारची काळी यांच्या पिनांमध्ये कागदाला लावायची यू-पिन घातली आणि मग सॉकेट चालू केलं, की एसएमपीएस मदरबोर्डशिवाय उठतो. यू-पिन आधी, वीज नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. हल्ली पुष्कळदा सगळ्याच वायरी काळ्या असतात. तेव्हा रंगावर न जाता पुस्तिकेतली आकृती बघून पिना मोजाव्यात.

मी एक पंखा जोडून तसं केलं, आणि दोन दिवस ज्याला मी मेलेला समजत होतो तो एसएमपीएस गुमान फिरायला लागला. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडून मल्टिमीटर आणला होता, त्यावर आकडेही चोख आले. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६ मधलं काहीही. आमच्याकडे १२.१ आले. दोन हजार सातशे रुपये पाण्यात गेले, ते तिथं कळलं. हीच परीक्षा आधी केली असती तर एका यू-पिनेत काम भागलं असतं.

दुसऱ्या पायरीत मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एकच पट्टी एवढंच ठेवून बाकी सगळ्या वायरी काढल्या. बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला! दारातून बघणारी बायको म्हणाली, ''झालं का?'' मी म्हटलं, ''अगं नाही, आता कुठे चोर घरातच आहे एवढं कळलंय.''

मग एकेक पाहुणा आत घ्यायला सुरुवात केली. रॅमची दुसरी पट्टी घातली, चालू झाला. ज्या छोट्या डिस्कवर फक्त यंत्रणा आहे ती जोडली, चालू झाला. मोठ्या दोघींपैकी पहिली जोडली, चालू झाला. दुसरी जोडली, पंखा किंचित हलला आणि गप्प. ती काढली, चालू. पुन्हा जोडली, गप्प. चोर सापडला.

भाच्यानं फोनवरूनच कारण सांगितलं. हार्ड डिस्कच्या उघड्या बाजूला जो हिरवा-निळा सर्किट बोर्ड दिसतो, त्यावर वीज आत शिरते तिथं तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे राखणदार बसवलेले असतात. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. बाहेरून जास्त दाबाची वीज आली, की हे राखणदार ती आपल्या अंगावर घेऊन जमिनीकडे वळवतात. झटका मोठा असेल तर त्यात ते स्वतः मरतात, आणि मरताना वाट उघडीच ठेवून जातात. मग एसएमपीएसनं दिलेली सगळी वीज तिथून थेट वाहून जाऊ लागते. हे एसएमपीएसच्या क्षणात लक्षात येतं आणि तो सगळ्यांचीच वीज तोडतो. म्हणून दोष एका डिस्कचा, पण बंद पडलेलं दिसतं सगळं घर. वळवातल्या वीजेनंच हे केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, चार वर्षं अखंड चालू असलेला भाग असाही गेला असता. पण वळीव येताना दिसला की मी आता आधी तिची केबल उपसून ठेवतो.

राखणदार गेला म्हणजे आतला मजकूर गेला असं नसतं. जाणकार माणूस सर्किट बोर्ड दुरुस्त करून पुष्कळदा तो परत मिळवू शकतो. आपण मात्र त्यात सोल्डरिंग गन घेऊन उतरू नये. आणि आमच्या सुदैवानं ती गरजही नव्हती, कारण दुसरी डिस्क शाबूत होती.

बुधवारी रात्री साडेनऊला कणगी एका डिस्कवर उठली. 'जोडीतली एक डिस्क गैरहजर आहे' असा इशारा पडद्यावर आला. भाच्यानं बजावलं होतं, ''मामा, उघडून ऐकत बसू नका. आधी कॉपी करा.'' तेव्हा पहिल्यांदा ओव्यांचं सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, मग एका बाहेरच्या डिस्कवर. आणि कॉपी नीट झाली का ते बघायला म्हणून त्यातली एक ओवी लावली.

जात्याची घरघर आणि त्यावर आत्याचा आवाज. खोलीत कुणी बोललं नाही. दोनच कडवी झाली असतील, आणि आत्या मध्येच थांबून कुणाला तरी म्हणते, ''अगं, दूध उतू जाईल बघ.'' आणि पुन्हा ओवी धरते. हा तुकडा मी पूर्वी कितीदा ऐकला होता. कापून टाकावा असंही एकदा मनात आलं होतं. आई म्हणाली, ''ते मला म्हणाली होती ती.'' आणि उठून आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कणगी चालू झाली म्हणून नव्हे, तर मी पाच-सात वर्षं कशावर भरवसा ठेवून बसलो होतो ते कळलं म्हणून. दोन डिस्का आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असं मी धरून चाललो होतो. पण एका डब्यात, एका एसएमपीएसवर, एका सॉकेटला असलेल्या दोन डिस्का म्हणजे एकाच कणगीतले दोन कप्पे. उंदीर लागला तर दोन्हीला लागणार, आग लागली तर दोन्ही जळणार. शिवाय घरात कुणी चुकून एखादं फोल्डर पुसलं, तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून पुसलं जाणार. एक डिस्क बिघडली तरी काम अडू नये एवढ्यासाठी ही सोय असते. ती सोय म्हणजे जतन नव्हे.

खरं तर मराठी शिकवणाऱ्याला हे वळवानं सांगायला नको होतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, आणि महानुभाव परंपरा सांगते की पुढे धाडीच्या धामधुमीत त्याची मूळ प्रत नाहीशी झाली. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. हिराइसेचं नाव त्यासाठी घेतलं जातं. म्हणजे ग्रंथ वाचला, तो दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या रूपात त्याची प्रत होती म्हणून. हे मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि घरी येऊन सगळं एका डब्यात ठेवतो!

कॉम्प्युटरवाल्यांनी हेच तीन आकड्यांत बसवलं आहे. तीन, दोन, एक. ज्याचं मोल आहे त्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं हा नियम लोकांपर्यंत नेला. त्याला मोठा खर्च लागत नाही. आत्याच्या चार तासांच्या ओव्या एका साध्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतात.

शुक्रवारी खानापुराकडच्या त्या अंगणात मांडव पडला होता. जातं हळदीनं माखलेलं होतं, पाच सवाष्णींनी मुसळाला हात लावला आणि कुणीतरी स्पीकर चालू केला. आत्याच्या आवाजानं अंगण भरलं. म्हाताऱ्या बायका हळूहळू तिच्यामागे म्हणायला लागल्या. त्यातल्या दोघींना पुढची ओवी आवाजाआधीच येत होती. मी भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, ''मामा, या दोघींचंपण रेकॉर्डिंग करायला पाहिजे की.''

ते आता चालू आहे. ओव्यांची एक प्रत कणगीत आहे, एक कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, एक वडोदऱ्याच्या भावाकडे आणि एक आत्याच्याच घरी. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी आली आहे. दोन हजार सातशेचा तो एसएमपीएस शिलकीत पडून आहे, आणि बायको अधूनमधून त्याची किंमत मला विचारत असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रती ताज्या करतो आणि प्रत्येक प्रतीतली एखादी ओवी लावून बघतो, कारण न उघडलेली प्रत म्हणजे चव न घेतलेलं लोणचं, वरून बरणी चांगली दिसते इतकंच. त्या वेळी आई शेजारी येऊन बसते. दुधाचा तुकडा आला की म्हणते, ''हं, आहे. आता बंद कर.''